शेणाचा बायोचार, कोंबडीखताचा बायोचार आणि जमिनीतले जड धातू

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यात औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी साडेतीन एकर काळी जमीन, पीएच ८.१, म्हणजे अल्कधर्मी. निम्म्या रानात ऊस, थोडा चारा आणि घराजवळच्या दहा-बारा गुंठ्यांत पालक, मेथी, कोथिंबीर. ओढ्याचा पाझर विहिरीला आहे आणि सगळं रान त्याच विहिरीवर भिजतं. माती तपासली तेव्हा कॅडमियम आणि शिसं यांच्यापुढे 'जास्त' असा शेरा आला. गोठ्यात दहा जनावरं आहेत, शेजारी पोल्ट्री आहे. एकाने सांगितलं की शेणाचा बायोचार, म्हणजे हवा कोंडून भाजलेल्या शेणाचा कोळसा, टाकला की जड धातू कायमचे बांधले जातात. दुसऱ्याने सांगितलं की बायोचारमधूनच धातू जमिनीत येतात. खरं काय, कशाचा बायोचार करायचा आणि एकरी किती टाकायचा?

दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. बायोचार धातूंना जमिनीतून बाहेर काढत नाही. तो त्यांना अशा रूपात अडकवतो की मुळांना आणि पाझरणाऱ्या पाण्याला ते सहजी मिळत नाहीत. बायोचार टाकून पुन्हा माती तपासली तर एकूण कॅडमियमचा आकडा तेवढाच येईल, कदाचित किंचित वाढलेलाही दिसेल. कमी व्हायला हवं ते पिकाला मिळणारं कॅडमियम. ते कमी होईल की नाही हे धातू कोणता, माती कशी आणि ज्या खताचा बायोचार करणार ते खत कुठून आलं, यावर ठरतं.

आधी खताचा बायोचार लाकडाच्या कोळशापेक्षा वेगळा का वागतो ते बघू. बाभळीच्या कोळशात राख जेमतेम काही टक्के असते, बाकी सगळा कार्बन. शेणाच्या बायोचारमध्ये राखेचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जातो आणि कोंबडीखताच्या बायोचारमध्ये कधीकधी निम्म्याच्याही वर. राख म्हटलं की लोकांना ती भेसळ वाटते, पण या कामात बरीचशी मेहनत तीच करते. तिच्यात फॉस्फेट असतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश आणि कार्बोनेट असतं. धातूचे आयन या फॉस्फेट-कार्बोनेटशी संयोग पावून साक्यासारखे खाली बसतात, काही कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतात आणि उरलेले कार्बनच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनयुक्त गटांना चिकटतात. लाकडी कोळशाकडे बहुतेक हा शेवटचा मार्गच असतो. राखेबद्दल एक सावधगिरी मात्र हवी. मातीच्या गोठ्यातून फावड्याने खरवडून काढलेल्या शेणात माती आणि वाळू येते. ती राखेच्या टक्केवारीत मोजली जाते, पण धातू बांधायला तिचा काडीचाही उपयोग नाही. फरशीच्या किंवा कोब्याच्या गोठ्यातलं शेण असेल तर उत्तम.

शिशाच्या बाबतीत हे काम सगळ्यात चोख होतं. शेणातलं फॉस्फेट हळूहळू विरघळतं, शिशाला गाठतं आणि पायरोमॉर्फाइट जातीचं खनिज तयार होतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या त्साओ, हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दुभत्या गाईंच्या शेणाचा बायोचार करून शिशाच्या द्रावणात तपासला. अडकलेल्या शिशापैकी ८४ ते ८७ टक्के शिसं साका होऊन बसलं होतं, पृष्ठभागाला चिकटलेला वाटा त्यामानाने थोडा होता. नुसत्या २०० अंश सेल्सिअसवर केलेल्या मालाने बाजारातल्या सक्रिय कार्बनच्या, म्हणजे पाणी गाळायला वापरतात त्या खास कोळशाच्या, सहापटीपर्यंत शिसं धरलं. आता २०० अंशांवरचा माल म्हणजे धड कोळसासुद्धा नाही, भाजलेलं शेण म्हणा. तरी त्याने बाजी मारली, कारण त्यातलं फॉस्फेट विद्राव्य राहिलं होतं. तापमान ५०० अंशांच्या पुढे नेलं की हेच फॉस्फेट कॅल्शियम-मॅग्नेशियमसोबत घट्ट स्फटिकांत जातं आणि सुटायला वेळ लावतं.

त्याच गटाने २०११ मध्ये ४५० अंशांवरचा शेणाचा बायोचार प्रत्यक्ष दूषित मातीत मिसळला. त्या मातीत शिसं होतं आणि ॲट्राझिनही होतं, तेच जे आपल्याकडे मक्यात आणि उसात तणनाशक म्हणून मारतात. वजनाच्या ५ टक्के बायोचार घालून २१० दिवस ठेवल्यावर सौम्य क्षारद्रावणात उतरणारं शिसं निम्म्याहून जास्त घटलं आणि गांडुळांच्या अंगात जाणारं शिसं ७९ टक्क्यांपर्यंत कमी झालं. यातले दोन आकडे बाजूला लिहून ठेवा, ५ टक्के आणि २१० दिवस. पहिल्याचा हिशोब पुढे येतो. दुसऱ्याचा अर्थ असा की आज टाकला आणि पुढच्या महिन्यात मेथी पेरली असं हे काम नाही.

शिशाबद्दल आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. पालेभाजीतलं शिसं पुष्कळदा मुळांतून आलेलंच नसतं. ते पानावर बसलेल्या धुळीत असतं. शिसं मुळांतून वर पानापर्यंत फार थोडं चढतं. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत जुनं शिसं आहे आणि वसाहतीच्या खालच्या अंगाला धूळ तर असतेच. म्हणून भाजी तपासायला देताना तिचे दोन भाग करा. एक तसाच द्या, दुसरा स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून द्या. दोन्हींत मोठा फरक आला तर तुमचा प्रश्न जमिनीतला नसून हवेतला आहे, आणि तिथे बायोचार काही करू शकत नाही.

खरी काळजी कॅडमियमची करायची. पालक कॅडमियम सहज वर ओढतो आणि पीक बाहेरून हिरवंगार, तजेलदार दिसतं. पाहून काहीही कळत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत पालेभाजीसाठी ताज्या वजनावर किलोला ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम आणि ०.३ मिलिग्रॅम शिसं ही मर्यादा आहे. शिशाला फॉस्फेट जसं कुलूप लावतं तसं कॅडमियमला लावत नाही. कॅडमियमचं फॉस्फेट मातीत तेवढं अविद्राव्य नसतं. कॅडमियम अडतं ते पीएच वाढल्यामुळे, कार्बोनेटमुळे आणि अदलाबदलीच्या जागांवर बसल्यामुळे. हे सगळं उलटही फिरू शकतं. पीएच उतरला की कॅडमियम पुन्हा मोकळं. त्यामुळे 'कायमचं' हे आश्वासन शिशाला बऱ्यापैकी लागू पडतं, कॅडमियमला अजिबात नाही.

आता तुमच्या काळ्या मातीकडे येऊ. इथे परदेशातले निष्कर्ष जसेच्या तसे उचलले की फसगत होते. बायोचारने कॅडमियम ७० टक्के घटलं, ८० टक्के घटलं असे जे आकडे फिरतात, त्यांतल्या बऱ्याच माती आम्लधर्मी असतात, पीएच ५ ते ६ च्या. तिथे खताच्या बायोचारचा पहिला झटका चुनखडीसारखा असतो. त्याचा स्वतःचा पीएच ९ ते १० किंवा जास्त, त्यामुळे मातीचा पीएच चढतो आणि कॅडमियम, जस्त, शिसं सगळेच बसतात. तुमची जमीन आधीच ८.१ वर आहे. तिच्यात चुनखडी आहे, स्मेक्टाइट जातीची चिकणमाती आहे आणि धनभारित आयन धरून ठेवण्याची ताकद मुळातच भरपूर आहे. बायोचार जे देणार त्यातलं निम्मं तुमच्या जमिनीकडे उपजत आहे. फायदा होईल, पण जाहिरातीतल्या आकड्यांइतका नाही, आणि तो शिशात जास्त दिसेल, कॅडमियममध्ये कमी.

कोकणातल्या जांभ्या मातीचं गणित याच्या उलट. तिथे पीएच कमी, धारणशक्ती कमी, म्हणून खताच्या बायोचारचा परिणाम पटकन आणि ठळक दिसतो. पण अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कार्बोनेट धुऊन नेतो आणि काही वर्षांत तो चुन्याचा परिणाम ओसरतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुणी विचारलं तर मी आधी साधा शेतीचा चुना टाकून बघायला सांगतो. निम्मं काम तेवढ्यात होतं आणि खर्च कितीतरी कमी.

दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या मातीत तांबं निसर्गतःच जास्त असतं, निकेल आणि क्रोमियमही बऱ्यापैकी असतं. एकूण तांब्याचा आकडा शंभरावर दिसला म्हणून वसाहतीला शिव्या घालण्यात अर्थ नाही, तो खडकाचा असू शकतो. त्यासाठी प्रयोगशाळेकडून दोन वेगळे अहवाल मागा, एक आम्लात विरघळवून काढलेल्या एकूण धातूंचा आणि दुसरा डीटीपीए द्रावणात उतरणाऱ्या, म्हणजे साधारण पिकाला मिळू शकणाऱ्या धातूंचा. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात, पण कॅडमियम आणि शिसं त्यांत नाहीत. ते वेगळे सांगून, वेगळे पैसे भरून तपासावे लागतात. नमुना घेताना पत्र्याची जस्त चढवलेली बादली वापरू नका, नाहीतर बादलीतलंच जस्त अहवालात येईल. प्लास्टिकचं घमेलं घ्या. व्ही आकाराचा खड्डा, वरचे १५ सेंटिमीटर, ओढ्याकडच्या बाजूचा नमुना वेगळा आणि घराकडचा वेगळा. ओढ्याकाठच्या रानात धातू सारखे पसरलेले नसतात. पाणी जिथून शिरतं त्या तोंडाशी सगळ्यात जास्त आणि दंडाच्या शेपटाकडे कमी, असंच बहुतेक वेळा दिसतं. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर दोन्ही ठिकाणांबद्दल दिशाभूल होते.

ज्या धातूंसाठी खताचा बायोचार वापरूच नये ते असे. आर्सेनिक पहिलं. ते पाण्यात ऋणभारित रूपात असतं, बायोचारचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे चिकटत नाही. वर खताच्या बायोचारमधलं फॉस्फेट आर्सेनिकच्या जागा बळकावतं आणि अडकून बसलेलं आर्सेनिकही मोकळं करतं. ब्रिटनमध्ये बीस्ली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लाकडी बायोचारवर केलेला प्रयोग डोळे उघडणारा आहे. एकाच मातीत, एकाच बायोचारने पाझरपाण्यातलं कॅडमियम आणि जस्त खाली आलं, पण तांबं आणि आर्सेनिक तीस पटींहून जास्त वर गेलं. तांब्याचं कारण वेगळं. विरघळणाऱ्या सेंद्रिय कार्बनला तांबं चिकटतं आणि त्याच्यासोबत प्रवास करतं. कमी तापमानाचा, अर्धवट भाजलेला खताचा बायोचार असा कार्बन भरपूर सोडतो. म्हणजे जो माल शिशाला उत्तम तोच तांब्याला घातक ठरू शकतो. क्रोमियमचं सहा संयुजेचं रूपही ऋणभारित आहे. बायोचार त्याला तीन संयुजेच्या निरुपद्रवी रूपात आणू शकतो, पण ही क्रिया आम्लात जोरात चालते आणि तुमच्या ८.१ पीएचमध्ये रेंगाळते. तुमच्या ओढ्यात चामडे किंवा क्रोम प्लेटिंगचं सांडपाणी येत असेल तर हे आधी तपासा.

दुसऱ्या माणसाच्या मुद्द्याकडे वळू, बायोचारमधूनच धातू येतात याकडे. कोंबड्यांच्या खाद्यात जस्त आणि तांबं मुद्दाम घातलं जातं. पक्ष्याला लागतं त्याहून जास्त घातलेलं बहुतांश विष्ठेत उतरतं. डुकरांच्या खाद्याचंही तेच, युरोपीय संघाने वराहपालनातल्या जस्त ऑक्साइडच्या औषधी वापरावर २०२२ मध्ये बंदी आणली ती याच काळजीने. अमेरिकेत तर कोंबड्यांना रॉक्सारसोन नावाचं आर्सेनिकयुक्त औषध वर्षानुवर्षं देत असत. २०११ मध्ये त्याची विक्री थांबली आणि २०१३ मध्ये मान्यता मागे घेतली गेली. अमेरिकेतल्या जुन्या कोंबडीखताच्या अभ्यासांत आर्सेनिक का दिसतं, त्याचं हे उत्तर.

भट्टीत काय होतं? पाणी आणि वायू निघून जातात, धातू मागे राहतात. तांबं, जस्त, निकेल जवळजवळ सगळं बायोचारमध्येच उरतं. वजन निम्म्यावर आलं की त्यांचं प्रमाण दुप्पट. कोरड्या कोंबडीखतात किलोला ४०० मिलिग्रॅम जस्त असेल तर बायोचारमध्ये ८०० च्या आसपास जाईल. युरोपीय बायोचार प्रमाणपत्रात शेतीच्या बायोचारसाठी जस्ताची मर्यादा ४०० आणि तांब्याची १०० आहे. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी जस्ताला १००० आणि तांब्याला ३०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे एकच पोतं एका नियमाने नापास आणि दुसऱ्याने पास. कॅडमियम आणि पारा तुलनेने लवकर उडतात. पारा आधी, कॅडमियम ६०० अंशांच्या आसपास आणि पुढे. पण ते भट्टीच्या धुरातून उडतात, म्हणजे भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात. त्याला उपाय म्हणता येणार नाही.

तरीही कोंबडीखताच्या बायोचारमधलं जस्त मी सरसकट वाईट मानत नाही. एकूण प्रमाण वाढलं तरी त्यातला सहज सुटणारा वाटा भाजल्यावर कमी होतो. शिवाय आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्ताची कमतरता नेहमीची आहे, आणि जस्त कमी असलेल्या जमिनीत पीक कॅडमियम जास्त उचलतं, कारण मुळांशी दोघांची वाट बऱ्याच अंशी एकच. अशा जमिनीत माफक जस्त दिल्याने कॅडमियमला आळा बसतो. कोंबडीखताच्या बायोचारबद्दल माझी मुख्य तक्रार त्यातल्या मिठाची आहे. त्यात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड भरपूर असतं. क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवून त्याला पाण्यात तरंगतं ठेवतं आणि मुळांपर्यंत पोचवतं. ऑस्ट्रेलियात बटाट्यावर हे स्पष्ट दिसलेलं आहे. तुमच्या विहिरीचं पाणी आधीच खारट असेल तर त्यात हा माल म्हणजे एका हाताने बांधायचं आणि दुसऱ्याने सोडायचं. याच कारणाने भाजीच्या तुकड्यात म्युरेट ऑफ पोटॅश बंद करा, ते पोटॅशचं क्लोराइडच असतं. पोटॅश लागलंच तर सल्फेट ऑफ पोटॅश द्या. महाग आहे, पण दहा गुंठ्यांना किती लागणार? सांगली-साताऱ्याकडच्या क्षारपड रानांत तर कोंबडीखताचा बायोचार मी सुचवतच नाही.

तेव्हा पसंती शेणाला. शेळ्या-मेंढ्या जवळ असतील तर लेंडीचा बायोचारही चांगला होतो. लेंडी आधीच कोरडी आणि गोळीदार असते, भट्टीत हवा नीट खेळते.

आता एकरी किती? एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर काळ्या मातीचं वजन साधारण ८०० टन भरतं. फ्लोरिडातल्या प्रयोगाचे ५ टक्के म्हणजे ४० टन. ते सोडून देऊ, २ टक्के धरू. १६ टन. ताज्या शेणात जवळपास ८० टक्के पाणी. १ टन शेण वाळवलं की २०० किलो आणि भाजलं की ८० ते १०० किलो बायोचार. म्हणजे १६ टनांना १६० ते २०० टन ताजं शेण. दहा जनावरं, रोजी सरासरी १५ किलो धरलं तर वर्षाला सुमारे ५५ टन शेण आणि त्यातून ५ टन बायोचार. एका एकराला तीन वर्षांचं सगळं शेण, आणि त्या तीन वर्षांत रानाला शेणखताचं एक घमेलंही नाही. साडेतीन एकरांना दहा वर्षं. 'एकरी दोनशे किलो टाका, धातू बांधले जातील' असं सांगणारा विक्रेता भेटला तर हाच हिशोब त्याच्यापुढे करा. २०० किलो म्हणजे मातीच्या वजनाच्या ०.०२५ टक्के. त्याने पिकाला थोडा फायदा झाला तर होईल, कॅडमियमला पत्ताही लागणार नाही.

म्हणून साडेतीन एकरांचा विचारच सोडा. उसात बायोचार नको. कांड्याच्या रसात धातू पानापेक्षा कमी उतरतात आणि चुनखडीच्या जमिनीत फॉस्फेटवाला बायोचार जास्त झाला की लोह आणि जस्त दोन्ही अडतात, ऊस केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी होतात. फक्त भाजीचे दहा गुंठे धरा. २ टक्क्यांनी गुंठ्याला ४०० किलो, दहा गुंठ्यांना ४ टन. हे तुमच्या गोठ्यातून वर्षभरात निघू शकतं. पण तेही एकदम नको. आधी कुंड्यांत पाहा. त्याच रानातली माती, एकसारख्या कुंड्या, काहींत नुसती माती, काहींत २ टक्के बायोचार, काहींत त्याच वजनाचं चांगलं कुजलेलं शेणखत. प्रत्येकाच्या किमान चार कुंड्या. मिसळून ओल राखत दोन-तीन महिने ठेवा, मग पालक लावा, चाळीसेक दिवसांनी कापा आणि पानं धुऊन तपासायला द्या. शेणखताची रांग मी मुद्दाम ठेवायला सांगतो. काळ्या जमिनीत कधीकधी साधं कुजलेलं शेणखतच बायोचारच्या जवळपास काम करतं, आणि मग भट्टीचा खटाटोप कशाला?

प्रश्न फक्त शिशाचा निघाला तर सिंगल सुपर फॉस्फेटचाही विचार करा. शिशाला फॉस्फेट हवं, ते बायोचारमधून आलं की पोत्यातून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बायोचार ते सावकाश सोडतो आणि सोबत कार्बन देतो, एवढाच फरक. सुपर फॉस्फेटमध्येही खडकातून आलेलं थोडं कॅडमियम असू शकतं, म्हणून कॅडमियमवाल्या तुकड्यात त्याचा मारा नको.

भट्टीचं. उघड्यावर गोवऱ्या पेटवून बायोचार होत नाही. गोवरी धुमसत जळते आणि सकाळी राख हाती येते. झाकणाचं २०० लिटरचं पिंप घ्या, तळाला बोटाएवढी चार-पाच भोकं पाडा, खडखडीत वाळलेल्या गोवऱ्या भरा, झाकण घट्ट बसवा, पिंप विटांवर उभं करा आणि बाहेरून पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा जाळ लावा. आधी पांढरी वाफ येते, मग पिवळट दाट धूर, मग भोकांतून येणारा वायू स्वतःच पेट घेतो. त्या ज्वाळा विझत आल्या की काम होत आलं. तापमान ४५० ते ५०० अंशांच्या आसपास ठेवायचं. शिसं आणि कॅडमियम दोन्ही असताना हाच मध्यम टप्पा बरा, फॉस्फेटही फार बंद होत नाही आणि विरघळणारा कार्बनही फार उरत नाही. तापमान मोजायचं साधं थर्मोकपल मिळतं, ते लावून घ्या. पिंप पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण काढू नका, हवा लागली की निखारे पुन्हा फुलतात.

गार झाल्यावर वेगवेगळ्या थरांतल्या चार-पाच गोवऱ्या मोडून बघा. आरपार काळी, कोरडी आणि टक्कन मोडणारी हवी. गाभा तपकिरी असेल तर गोवरी ओली होती, ती पुढच्या भट्टीत परत घाला. कडा पांढुरक्या असतील तर झाकणातून हवा शिरली. थोडा चुरा ओल्या तळव्यावर चोळून पाण्याखाली धरा. नुसत्या पाण्याने निघाला तर ठीक, तेलकट डाग राहिला तर डांबर उरलं आहे आणि तो माल शेतात नको.

शेतात टाकताना चुरा गहू-ज्वारीच्या दाण्याएवढा करा आणि आधी शेणकाल्यात भिजवा. कोरडा चुरा वाऱ्याने उडतो, नाकात जातो, तोंडाला फडकं बांधूनही पुरत नाही. वाफसा असताना पसरून रोटाव्हेटरने वरच्या १५ सेंटिमीटरात नीट मिसळा. धातू जिथे आहेत तिथे बायोचार पोचला नाही तर दोघांची भेटच होत नाही. ताज्या बायोचारसोबत युरिया टाकू नका. पीएच इतका वर असताना त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

हे सगळं करूनही विहिरीचं पाणी तसंच राहिलं तर दर पाण्याला नवं कॅडमियम येत राहील आणि बायोचारच्या जागा भरत जातील. पाण्याच्या पाटावर बायोचारचा गाळणखड्डा करण्याची कल्पना बरेच जण काढतात. मोटारीच्या पाण्याला त्यातून जाताना पुरेसा वेळच मिळत नाही, आणि काही दिवसांनी तुमच्या हाती धातूंनी भरलेला काळा चिखल उरतो. तो टाकायचा कुठे? त्यापेक्षा भाजीच्या तुकड्यापुरतं वेगळं पाणी, बोअरचं असो की पावसाचं साठवलेलं, तपासून वापरता आलं तर बघा.

आता तुमच्या प्रश्नात न आलेली, पण मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. दावणीला येणारा चारा कुठला? त्याच ओढ्याकाठच्या रानातला असेल तर जनावर त्यातलं कॅडमियम फार थोडं अंगात घेतं, बाकी शेणातून बाहेर टाकतं. तुम्ही ते शेण भाजून त्याचं प्रमाण दुप्पट करणार आणि भाजीच्या दहा गुंठ्यांत आणून टाकणार. म्हणजे साडेतीन एकरांतलं कॅडमियम गोळा करून पालकाच्या वाफ्यात ओतायचं. त्यामुळे भट्टीसाठी पिंप आणण्याआधी विहिरीचं पाणी, वाळलेला चारा आणि शेण असे तीन नमुने द्या. पाण्यात आणि शेणात आर्सेनिक, क्रोमियमही बघायला सांगा. खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खताला कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे, युरोपीय बायोचार प्रमाणपत्रात १.५. शेण भाजल्यावर दुप्पट होणार हे धरून कोरड्या शेणात ०.७ च्या वर कॅडमियम आलं तर त्या शेणाचा बायोचार करू नका. माळावर चरणाऱ्या मेंढ्यांची लेंडी विकत घ्या आणि कुंड्यांचा प्रयोग तिच्यावर करा. अहवाल येईपर्यंत त्या दहा गुंठ्यांत झेंडू लावा.